‘शीर दबली’ म्हणजे नेमकी कोणती? आईच्या हातापायांच्या मुंग्यांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५६ वर्षांच्या, मधुमेह ११ वर्षं, मेटफॉर्मिन चालू, घर पूर्ण शाकाहारी. उजव्या हाताला मुंग्या येऊन रात्री दोन-तीनला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. तळपाय वर्षभरापासून बधिर, चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं. ‘मानेची शीर दबली आहे’ असं सांगून कोणी गळ्याला पट्टा दिला. बी-१२ च्या पाच सुया झाल्या, फरक थोडाच. आता मानेचा एमआरआय करायचा का?

एमआरआयचं उत्तर खाली येईलच. त्याआधी ‘शीर’ या शब्दाचा गुंता सोडवू, कारण निम्मे चुकीचे उपचार तिथूनच सुरू होतात. आपण तीन वेगळ्या वस्तूंना शीर किंवा नस म्हणतो. सलाइन लावायला शोधतात ती निळी रक्तवाहिनी. मूठ आवळून मनगट वाकवलं की दोरीसारखी ताठ होते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा. आणि तिसरा चेतातंतू, ज्यातून संदेश जातात. रात्री पोटरीत गोळा आल्यावर ‘शीर चढली’ म्हणतात तेव्हा यातलं काहीच चढलेलं नसतं, स्नायू आखडलेला असतो. मुंग्यांचा संबंध तिसऱ्या वस्तूशी. तो तंतू तेल लावून, चोळून ‘जागेवर बसत’ नाही. मुळात तो जागेवरून हललेलाच नसतो.

चेतातंतूची रचना थोडी समजून घेतली तर आईंच्या तक्रारींचा उलगडा बराचसा आपोआप होतो. पायाच्या अंगठ्याची संवेदना नेणारी पेशी पायात नसतेच. तिचं मुख्य अंग कमरेच्या मणक्यांशेजारच्या छोट्याशा गाठीत असतं आणि तिथून सुमारे १ मीटर लांबीचा एकच धागा अंगठ्यापर्यंत येतो. धाग्याला लागणारी प्रथिनं तिकडे वर तयार होतात आणि धाग्याच्या आतून खाली वाहून नेली जातात. त्यातला जलद माल दिवसाला जास्तीत जास्त ४०० मिलिमीटर सरकतो, संथ माल दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी, तशीच ही गत. पेशीचं पोषण बिघडलं, मग ते साखरेमुळे असो, दारूमुळे असो की जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, पहिलं टोक सुकतं ते सर्वात लांब धाग्याचं. म्हणून पायांची बोटं आधी, आणि दोन्ही पायांची जवळजवळ एकदमच.

संदेश म्हणजे तारेतून जाणारी वीज नव्हे. तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असते. ती तशी ठेवायला पेशीच्या पडद्यातले पंप अखंड चालू असतात : ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. उत्तेजन आलं आणि हा आकडा उणे ५५ च्या आसपास पोचला, की सोडियमची दारं उघडतात, आतली बाजू क्षणभर अधिक ३० पर्यंत जाते आणि एक-दोन मिलिसेकंदांत पूर्ववत होते. ही उसळी पुढच्या भागाला पेटवते, तो त्याच्या पुढच्याला. उसळी अर्धी किंवा पाव नसते, असते किंवा नसते. जोराचा स्पर्श आणि हलका स्पर्श यातला फरक मेंदूला कळतो तो मुख्यतः सेकंदाला किती उसळ्या आल्या आणि किती तंतूंमधून आल्या यावरून.

जाड तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं. त्यात साधारण दर मिलिमीटरला बारीक खंड पडतो आणि उसळी खंडावरून खंडावर उड्या मारत जाते. स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती सांगणारे तंतू असे जाड, वेग सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून जास्त. जळजळ आणि ठणका नेणारे सर्वात बारीक तंतू वेष्टनाविना असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला की ‘लागलं’ हे लगेच कळतं आणि खरी कळ सेकंदभराने मस्तकात जाते, ती या वेगांतल्या फरकामुळे.

मुंग्या म्हणजे काय, तर कोणी हात न लावता तंतूने आपणहून सोडलेल्या उसळ्या. पंगतीत अर्धा तास मांडी घालून बसल्यावर तंतूवर दाब येतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पंप मंदावतात. दाबाखाली जाड तंतू आधी गप्प होतात. म्हणून पाय ‘आपला नाही’ असा वाटतो, पण जोरात चिमटा काढला तर दुखतं. उठल्यावर रक्त परत येतं, पंप सुरू होतात, आणि ताळ्यावर येईपर्यंत तंतू वेडेवाकडे पेटत राहतात. त्या गोंधळाला मेंदूकडे नाव नसतं, म्हणून तो मुंग्या म्हणतो. मांडीची मुंगी दोन मिनिटांत गेली तर तिचं काहीही करायचं नाही. रोज, ठरावीक जागी, कारणाशिवाय येणारी मुंगी मात्र पत्ता सांगत असते. कोणत्या बोटांना, कोणत्या वेळी, आधी कुठे आणि नंतर कुठे, हे नीट विचारलं की तो वाचता येतो.

आता आईंचा हात. कागदावर त्यांचा पंजा पेनाने उमटवून घ्या आणि मुंग्या येतात तेवढाच भाग त्यांनाच रंगवू द्या. ‘सगळ्या हाताला येतात’ असं बहुतेक जण म्हणतात, आणि रंगवताना करंगळी कोरी राहते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढा प्रदेश मीडियन या एका तंतूचा. अनामिकेची दुसरी अर्धी बाजू आणि करंगळी अल्नर तंतूची. अनामिका उभी दुभंगते, एका कडेला बधिर आणि दुसऱ्या कडेला ठीक, असं आढळलं तर बिघाड मानेत असण्याची शक्यता फार कमी होते. मानेतून निघणारी मुळं बोट असं मधोमध चिरत नाहीत. त्यांची वाटणी साधारण अशी : सहावं मूळ अंगठ्याकडे, सातवं मधल्या बोटाकडे, आठवं करंगळीकडे.

मीडियन तंतू मनगटात एका अरुंद बोगद्यातून जातो. खाली आणि बाजूंना मनगटाची हाडं, वर जाड आडवा पट्टा, आत ९ कंडरा आणि हा एक तंतू. कंडरांची आवरणं सुजली किंवा मनगट वाकलं की आतला दाब वाढतो, आणि दबण्यासारखी मऊ वस्तू तिथे एकच. झोपेत आपण मनगट मुडपून हात उशाखाली घेतो, म्हणून वेळ रात्रीची. झटकल्यावर बरं वाटणं ही तर या दुखण्याची खूण म्हणून पुस्तकात नोंदलेली गोष्ट आहे. मानेच्या दुखण्यात हात झटकून फारसं काही होत नाही. तिथे मान मागे-बाजूला वळवली किंवा खोकला आला की कळ दंडातून खाली धावते.

घरी एवढं पाहा. दोन्ही पंजे मागच्या बाजूंनी एकमेकांना टेकवून मनगटं खाली मुडपलेली ठेवायची, ६० सेकंद. त्याच बोटांत मुंग्या उठल्या तर पुरावा बळकट झाला. मग अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी ठेवून पाहा. उजवीकडे खळगा दिसत असेल तर स्नायूकडे जाणारे तंतूही मरू लागले आहेत. अशा वेळी मनगटाला पट्टा लावून महिने घालवायचे नाहीत. त्या उंचवट्यावरच्या त्वचेची संवेदना मात्र शाबूत राहते, कारण तिची फांदी बोगद्याच्या वरून जाते, आतून नाही. तीही गेली असेल तर बिघाड मनगटाच्या वर कुठेतरी शोधावा लागतो.

खळगा नसेल तर पहिला उपाय स्वस्तातला : रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, किमान ६ आठवडे, रोज. इथे एक चूक सर्रास होते. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवलेलं ठेवते, आणि मागे वाकवल्यानेही दाब वाढतो. पट्टी बाहेर काढून सपाट करा आणि परत घाला. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. दिवसा कणीक मळणं, कपडे पिळणं, विळीवर नारळ खवणं ही मुडपलेलं मनगट आणि घट्ट पकड यांची जोडी असलेली कामं काही दिवस दुसऱ्याकडे द्या. थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर तेच मूळ असू शकतं. मधुमेहात तर हा बोगदा तसाही लवकर त्रास देतो. स्प्लिंटने भागलं नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, त्याचा आराम अनेकदा काही महिने टिकतो, पण मधुमेहात काही दिवस साखर चढते, तेव्हा ती मोजत राहायची. तरीही नाही तर तो आडवा पट्टा कापण्याची छोटी शस्त्रक्रिया, तेवढाच भाग बधिर करून. तिला उगाच घाबरू नका, आणि शेवटचा पर्याय म्हणून खळगा पडेपर्यंत थांबूही नका.

करंगळी रंगवली गेली असती तर पत्ता कोपराचा. कोपर दुमडून तासभर फोन कानाला लावणं हे त्याचं आजचं नेहमीचं कारण.

पायांचं प्रकरण वेगळं आहे, आणि हे ‘वेगळं’ ठरवता येतं. लांब धाग्यांचं टोक सुकण्याचा आजार बोटांकडून वर चढतो. तो गुडघ्याच्या जवळपास पोचतो तेव्हा कुठे हाताच्या बोटांची पाळी येते, आणि मग ती दोन्ही हातांना, सगळ्याच बोटांना येते. आईंचे तळपायच बधिर आहेत, हात एकच आणि तोही रात्री. म्हणजे पायांचा आजार हातात पोचलेला नाही. दोन स्वतंत्र दुखणी एका माणसात आहेत. एकाच निदानात सगळं बसवण्याचा मोह इथे आवरावा लागतो. ‘मान’ हे उत्तर लोकप्रिय आहे ते त्यासाठीच, मानेत हात आणि पाय दोन्हींच्या तारा असतात म्हणून.

तळपायांसाठी दोन प्रश्न विचारा. चालताना चप्पल निसटते का? आणि निसटली की कळते का? कळते पण धरून ठेवता येत नाही, तर स्नायूंची ताकद कमी. कळतच नाही, मागे वळून बघितल्यावर दिसते, तर संवेदना गेली आहे. दुसरा प्रश्न : बेसिनवर डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का? तोल सांभाळायला डोळे, कान आणि सांध्यांतून येणारी खबर अशा तीन वाटा असतात. तिसरी बंद पडली की माणूस डोळ्यांवर चालतो आणि डोळे मिटताच हेलकावतो. अशांना रात्री अंधारात संडासला जातानाच धोका असतो, तेव्हा वाटेतला दिवा आजपासून चालू ठेवा.

यामागे मधुमेह असू शकतो, बी-१२ असू शकतं, आणि आईंच्या बाबतीत बहुधा दोन्ही. शाकाहारात बी-१२ येतं ते दूध-दह्यातून. मोठ्या माणसाची गरज दिवसाला २ ते २.५ मायक्रोग्रॅमची, पेलाभर दुधात साधारण १. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आतड्यातलं शोषण कमी होतं, आणि वर ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून बिघाड हळूच येतो. या जीवनसत्त्वावाचून मायलिन नीट राखलं जात नाही, आणि नुकसान फक्त पायातल्या तंतूंचं होत नाही, मेरुरज्जूच्या मागच्या पट्ट्यांचंही होतं. डॉक्टर गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून आणि तळव्यावर रेघ ओढून हेच पाहतात. निव्वळ मधुमेहात घोट्याची उडी मंदावते. मेरुरज्जूही सापडला असेल तर तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर वळतो.

तुमच्याकडून एक चूक झाली आहे, ती जवळपास सगळ्यांकडून होते : रक्त तपासण्याआधी सुया घेतल्या. आता बी-१२ मोजलं तर आकडा भरपूर येईल आणि त्याचा काही अर्थ नसेल. बी-१२ कमी असताना रक्तात वाढणारं होमोसिस्टीनही सुयांनंतर लवकर खाली येतं. त्याऐवजी सुयांच्या आधीचा हिमोग्रामचा जुना कागद शोधा आणि त्यात एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा पाहा. १०० च्या वर असेल तर कमतरतेला पुष्टी मिळते. कमी असेल तर मात्र कमतरता नव्हती असं म्हणता येत नाही. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि दोन दोष एकमेकांना झाकतात. रक्त पूर्ण ठीक असूनही तंतूंचं नुकसान होऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. आणि नुसतं फोलिक ॲसिड कधी देऊ नका. त्याने रक्त सुधारतं, तंतूंची झीज चालूच राहते.

पाच सुया हा पूर्ण उपचार नव्हे. तंतूंवर परिणाम झालेला असताना १००० मायक्रोग्रॅम सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम डॉक्टर ठरवतात. पुढे १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही चालते : शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी शेकडा एक भाग आपसूक झिरपतो, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. सुईच्या बाटलीवर ‘बी-१, बी-६, बी-१२’ असं लिहिलंय का तेही वाचा. बी-६ जास्त प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच चेतातंतू बिघडतात आणि पायांना मुंग्या येतात. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून दोन-दोन गोळ्या वर्षभर खाणारे लोक या खड्ड्यात पडतात.

साखरेचं फार लांबवत नाही. तंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आणि तंतू दोन्ही तिने खराब होतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, खाली आणायचा, पण घाईने नाही. तीन महिन्यांत २ टक्क्यांहून जास्त उतरवला तर काही जणांच्या पायांची आग उलट भडकते. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं आग आणि टोचणी कमी करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत, आणि निव्वळ बधिरपणावर त्यांचा उपयोग नाही. आईंना आग होत नसेल तर त्यांची गरजही नाही.

बधिर पायाची निगा ही औषधापेक्षा मोठी गोष्ट. गरम पाण्याची पिशवी, शेक, तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, सगळं बंद. वारीत चालणाऱ्यांनीही मोजे आणि मऊ बूट घालावेत. देव रागावत नाही, जखम मात्र कळत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-खिळा पाहायचा. रोज रात्री आरशात तळवे बघायचे. वर्षातून एकदा १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने आणि १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने पाय तपासून घ्यायचे, दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, त्यावर स्पर्श किंवा गरम कळत नाही, कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू दोरीसारखा जाड लागतो, असं काही दिसलं तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच. त्याचे जंतू तंतूंच्या वेष्टनाच्या पेशीत राहतात. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, आणि वेळेत घेतली तर बोटं वाचतात.

तर एमआरआय? आत्ता नको. पन्नाशीनंतरच्या मानेत काही दुखत नसतानाही चकत्या फुगलेल्या दिसतात. अहवालात ‘दबाव’ हा शब्द हमखास येईल आणि मनगटाचा उपचार मागे पडेल. तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर वळला, पाय ताठर झाले किंवा लघवीवरचा ताबा सैल झाला तर मात्र मेरुरज्जूचं चित्र हवंच. त्याआधी एनसीव्ही, म्हणजे तंतूंतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी करा, दोन्ही हात आणि दोन्ही पाय. जाताना हात कोमट असू द्या. एसीत गारठलेल्या हातात दर अंशामागे वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने कमी दिसतो आणि निरोगी तंतू आजारी ठरतो. ही तपासणी फक्त जाड तंतू मोजते. आग होत असूनही ती ‘नॉर्मल’ आली तर बारीक तंतूंचा आजार नाही असा अर्थ काढू नका.

गळ्याचा पट्टा काढून टाका. मान दुखत नसताना तो नुसता स्नायू ढिले करतो.

सुधारणेचा हिशेब असा धरा. वेष्टनाची डागडुजी आठवड्यांत-महिन्यांत होते. तुटलेला धागा दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, तोही मूळ पेशी जिवंत असेल तर. हाताला रात्रीची झोप पहिल्या दोन-चार आठवड्यांत परत मिळायला हवी. पायांना सहा महिने ते वर्ष द्या, आणि मध्येच मुंग्या थोड्या वाढल्या तर उपचार सोडू नका, गप्प झालेले तंतू पुन्हा बोलू लागताना तसं होतं.

दोन-चार दिवसांत पाय लुळे पडत वर चढणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, हे या सगळ्यापेक्षा वेगळं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गीयाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकदम वाढले ते हेच. जुलाबाच्या जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती चेतातंतूंनाच शत्रू समजते. त्यात एनसीव्हीची तारीख घेऊन घरी थांबायचं नसतं, त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जायचं. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं तरी तसंच, तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत आहे. आणि कंबरदुखीबरोबर बसण्याची जागा बधिर होऊन लघवी अडली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका.